प्राध्यापकाची पहिली तीन वर्षं

जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवायचं असेल तर डी.एल.एड. लागतं, शिवाय शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी उत्तीर्ण व्हावी लागते. नववी-दहावीसाठी बी.एड. हवं. या अभ्यासक्रमांत पाठ टाचण असतं, सराव पाठ असतात, मागच्या बाकावर बसून तुमचा पाठ पाहणारे आणि नंतर चुका सांगणारे मार्गदर्शक असतात. बी.एस्सी. किंवा एम.ए.च्या वर्गाला शिकवण्यासाठी मात्र यातलं काहीच लागत नाही. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट, नाहीतर पीएच.डी., एवढ्यावर माणूस सहायक प्राध्यापक होऊ शकतो. नेट-सेटच्या पहिल्या पेपरमध्ये अध्यापनावर प्रश्न असतात खरे, पण ते पर्याय निवडण्याचे. साठ-सत्तर मुलांसमोर उभं राहून हा माणूस एखादी गोष्ट उलगडून सांगू शकतो का, हे त्या परीक्षेत कुणी पाहत नाही. मुलाखतीच्या वेळी कुठे कुठे दहा मिनिटांचा नमुना पाठ होतो, पण तोही विषयतज्ज्ञांच्या पॅनेलसमोर. विद्यार्थी तिथे नसतातच.

मग ऑर्डर हातात पडते, वेळापत्रक मिळतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला तास.

नव्या प्राध्यापकांच्या अडचणींचा विषय निघाला की चर्चा हमखास त्यांच्या वकुबाकडे वळते. ‘आजकालच्या मुलांचं वाचन नाही’, ‘नोट्स वाचून दाखवतात’, ‘नुसत्या पीपीटी फिरवतात’, असं ऐकायला मिळतं. मला हे निदान चुकीचं वाटतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत जे बिघडतं ते बहुतेक वेळा ज्ञानाच्या कमतरतेमुळे बिघडत नाही. वेळेचं वाटप चुकतं आणि माणूस एकटा पडतो. या दोन्ही गोष्टी महाविद्यालयाच्या हातातल्या आहेत.

आधी वर्गात काय होतं ते पाहू. प्रथम वर्षाला रासायनिक समतोल शिकवायचा आहे. नुकतीच पीएच.डी. झालेला शिक्षक फळ्यावर समीकरण लिहितो, दुहेरी बाण काढतो, समतोल स्थिरांकाचं सूत्र मांडतो, गिब्ज ऊर्जेशी त्याचं नातं सिद्ध करतो. मुलं भराभर उतरवून घेतात. ‘समजलं का?’ ‘हो सर.’ तास संपतो. परीक्षेत सूत्र बरोबर येतं, गणितही सुटतं. पण एखाद्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, समतोल आला की अभिक्रियेचं काय होतं? ‘थांबते’, असं उत्तर मिळण्याची शक्यता मोठी. आणखी काहींची समजूत असते की समतोल म्हणजे दोन्ही बाजूंचे पदार्थ समसमान होणं. प्रत्यक्षात दोन्ही दिशांच्या अभिक्रिया चालूच असतात, फक्त त्यांचा वेग सारखा झालेला असतो. त्या वेळी पदार्थांचं प्रमाण काहीही असू शकतं. हे दोन्ही गैरसमज रसायनशास्त्राच्या अध्यापनावरच्या संशोधनात वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा नोंदले गेले आहेत. शिक्षकाला ते दिसत नाहीत, कारण तो स्वतः त्यातून कधीच बाहेर पडलेला असतो आणि कसा बाहेर पडला हे त्याला आठवत नसतं.

अर्थशास्त्रज्ञ कॅमेरर, लोवेन्स्टीन आणि वेबर यांनी १९८९ मध्ये या प्रकाराला ‘ज्ञानाचा शाप’ असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी आपल्या पीएच.डी.साठी एक साधा प्रयोग केला. काही लोकांना ओळखीच्या गाण्यांची लय टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितली आणि ऐकणाऱ्यांना गाणं ओळखायला सांगितलं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल घुमत असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. विषय जितका मुरलेला, तितकी ही दरी रुंद. म्हणून विद्यापीठात पहिला आलेला, संशोधनात चमकलेला माणूस पहिल्या वर्षी वर्गात हमखास अडखळतो. त्यात त्याच्या बुद्धीचा दोष नसतो.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांना विद्यार्थी चांगले शेरे देत होते, त्यांच्या वर्गातली मुलं अवघड गणितंही सोडवत होती. पण न्यूटनच्या नियमांवरचे साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न विचारल्यावर त्यातली बरीच गडबडली. तेव्हा मझूर यांनी शिकवण्याची रीतच बदलली. थोडं सांगायचं, मग एक संकल्पनेचा प्रश्न टाकायचा, प्रत्येकाकडून उत्तर घ्यायचं, शेजारच्याशी वाद घालू द्यायचा आणि पुन्हा उत्तर घ्यायचं. त्यांचं याविषयीचं पुस्तक १९९७ मध्ये आलं. समतोलाच्या तासाला हेच करता येतं. ‘थांबते म्हणणाऱ्यांनी हात वर करा’ एवढं म्हटलं की वर्गाची खरी अवस्था शिक्षकाला पहिल्यांदा दिसते. त्याला ना प्रोजेक्टर लागतो ना ॲप.

पण नवा शिक्षक असा प्रश्न टाकायला धजत नाही. मुलांनी उलट काही विचारलं आणि आपल्याला आलं नाही तर, ही धास्ती असते. मग तो जास्त बोलतो, जास्त लिहितो, तास काठोकाठ भरतो. भरलेल्या तासात प्रश्नाला जागाच उरत नाही आणि त्याला सुरक्षित वाटतं. कर्तबगार स्त्रियांना ‘आपण या जागेला लायक नाही, कधीतरी पकडले जाऊ’ असं वाटत राहणं, याचं वर्णन पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये केलं होतं. वयाने विद्यार्थ्यांच्या जवळ असलेल्या तरुण मॅडमना हे अधिक जाणवतं. पहिल्याच आठवड्यात गेटवर आयकार्ड विचारलं जातं आणि वर्गात मागच्या बाकांवरून त्यांची परीक्षा घेतली जाते.

त्यात भाषेचा भाग येतो. तालुक्याच्या ठिकाणच्या विज्ञान शाखेत दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं बहुसंख्य असतात. पाठ्यपुस्तक इंग्रजी, प्रश्नपत्रिका इंग्रजी, शिक्षकाचं स्वतःचं संशोधन इंग्रजीत. मराठीत सांगावं तर ‘सरांचं इंग्रजी कच्चं आहे’ असं वाटेल की काय, ही शंका. अनुभवी शिक्षक सर्रास दोन्ही भाषांत ये-जा करतात: कल्पना मराठीत फोडून सांगायची, संज्ञा इंग्रजीत ठेवायची, उत्तराची दोन वाक्यं इंग्रजीत लिहून घ्यायची. हे कौशल्य कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवलं जात नाही. शेजारच्या वर्गात बसून ते सहज उचलता येतं, पण शेजारच्या वर्गात बसायची आपल्याकडे पद्धत नाही.

आता वेळेचा हिशेब. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं आणि एकूण कामाचा भार ४० तासांपेक्षा कमी असायचा नाही. आपल्याकडे ४८ मिनिटांच्या तासिकेची पद्धत रुजली होती. त्या मापाने १६ तास म्हणजे आठवड्याला बरोबर २० लेक्चर. विज्ञान शाखेत यातला काही भाग प्रॅक्टिकलमध्ये जातो, कला-वाणिज्यला सगळा वर्गात. नव्या माणसाला एका नव्या लेक्चरची तयारी करायला तीन तास सहज लागतात. वीसपैकी निम्मीच लेक्चर नव्याने तयार करायची म्हटली तरी तीस तास तिथेच गेले. शिकवण्याचे सोळा धरले की आठवडा संपला. उत्तरपत्रिका, जर्नल तपासणं आणि स्वतःचं वाचन यांना रविवार उरतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी नव्या अध्यापकांच्या अनेक तुकड्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यांच्या वर्गांत जाऊन बसले, त्यांच्याशी पुन्हा पुन्हा बोलले. ‘द न्यू फॅकल्टी मेंबर’ हे त्यांचं १९९२ चं पुस्तक या विषयातलं सर्वांत भक्कम काम मानावं असं मला वाटतं. त्यांना आढळलं की बहुतेक जण पहिली काही वर्षं तयारीतच बुडालेले असतात, आणि तयारी वाढल्याने शिकवणं सुधारतं असंही होत नाही. उलट साहित्य जास्त होतं, वेग वाढतो, मुलं मागे पडतात. थोडेसेच जण लवकर रुळतात. त्यांच्या सवयी बॉइसनी बारकाईने नोंदवल्या. तासाभराच्या लेक्चरला ते साधारण दीड तासाच्या आत तयारी आटोपतात. वर्गात संथ बोलतात आणि मुलांना बोलू देतात. लेखन-संशोधन सुट्टीवर ढकलत नाहीत, रोज थोडं थोडं करतात. आणि सहकाऱ्यांकडे जाऊन सल्ला मागतात. शेवटची सवय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण बहुतेकांना तीच जड जाते.

अर्थात अमेरिकेतल्या शिक्षकाला आठवड्याला सहा ते बारा तास शिकवायचं असतं, आपल्याला सोळा. शिवाय महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झालं आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञान परंपरा, फील्ड प्रोजेक्ट, ऑन-जॉब ट्रेनिंग (ओजेटी) अशी मांडणी आली. यातल्या बऱ्याच पेपरना धड पाठ्यपुस्तक मिळालेलं नसतं. ज्येष्ठांकडे त्यांचे मुरलेले पेपर राहतात आणि कुणालाच नको असलेले चार नवे पेपर नव्या माणसाच्या वेळापत्रकात येतात. ज्याला सर्वांत कमी अनुभव, त्याच्याकडे सर्वांत जास्त नवी तयारी. हे वाटप कुणी दुष्टपणे करत नाही. सवयीने होतं. पण नुकसान खरंखुरं होतं, आणि ते मुलांचंही होतं.

समित्यांचंही तसंच. ‘नवीन आहेत, उत्साही आहेत, त्यांना द्या’ म्हणून एनएसएस येतं, त्यासोबत गावातलं सात दिवसांचं निवासी शिबिर. स्नेहसंमेलन येतं, वेबसाइट येते, परीक्षा विभाग येतो. निवडणुका आल्या की तीही ड्युटी. नॅकच्या मूल्यांकनाचं वर्ष असेल तर महिनोन् महिने निकषांच्या फाइली भरण्यात जातात: कार्यक्रमाचा अहवाल, जिओटॅग केलेले फोटो, उपस्थितांच्या सह्या. एनएसएसच्या शिबिरात नव्या शिक्षकाला विद्यार्थी खऱ्या अर्थाने कळतात, ते काम मी वाया गेलेलं मानणार नाही. फाइलींबद्दल मात्र असं म्हणवत नाही.

संशोधनाचं दडपण पहिल्या दिवसापासून असतं. शैक्षणिक स्तर १० वर, म्हणजे सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपये मूळ वेतनावर, सुरुवात होते. पुढच्या स्तरावर जायला पीएच.डी. असेल तर चार वर्षं, एम.फिल. असेल तर पाच, दोन्ही नसेल तर सहा वर्षं सेवा लागते. सोबत एकवीस दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स आणि पुढच्या टप्प्यांवर शोधनिबंधांचा हिशेब. २०१० च्या नियमांनी एपीआय, म्हणजे कामगिरीच्या गुणांची पद्धत आणली आणि निबंध किती, याला निबंध कसा, यापेक्षा जास्त वजन आलं. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं त्याच काळात फोफावली. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठांच्या शिफारशीने आयोगाच्या मान्य यादीत आलेली १,००९ नियतकालिकं त्यांनी तपासली, त्यातली फक्त ११२ मूलभूत निकषांत बसली. त्यानंतर आयोगाने केअर ही नवी यादी केली, तिचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. २०२५ मध्ये तीही यादी बंद करून जबाबदारी संस्थांकडे सोपवली गेली. नुकत्याच रुजू झालेल्या, प्रयोगशाळा नसलेल्या, संशोधन अनुदान न मिळालेल्या शिक्षकाने या बदलत्या नियमांत काय करावं? माझं स्पष्ट मत आहे: वर्षाला घाईने तीन निबंध छापण्यापेक्षा दोन वर्षांत एक नीट निबंध लिहावा. पण हे सांगणाऱ्या ज्येष्ठाने प्लेसमेंटच्या, म्हणजे पुढच्या स्तरावर जाण्याच्या, वेळी त्या एका निबंधाच्या बाजूने उभं राहायलाही हवं.

इथवर लिहिलं ते कायम नेमणूक मिळालेल्यांबद्दल. महाराष्ट्रात ‘नवा प्राध्यापक’ म्हटलं की डोळ्यांसमोर दुसरीच व्यक्ती यायला हवी: तासिका तत्त्वावर काम करणारी, सगळ्यांच्या तोंडी असलेल्या शब्दात सीएचबीवाली. तिला पगार नसतो, घेतलेल्या तासांचं मानधन असतं. तयारीचे, जर्नल तपासण्याचे, मुलांच्या शंकांचे तास कुठेच मोजले जात नाहीत. सुट्टीत उत्पन्न शून्य, आणि मानधन अनेकदा काही महिन्यांनी एकदम हातात येतं. दोन महाविद्यालयांत तास घेऊन महिना भागवायचा, म्हणजे सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या, मधे एसटी किंवा दुचाकी. आज ऑर्डर आहे, पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही. पीएच.डी. होईतो तिशी आलेली असते आणि अशी आठ-दहा वर्षं सहज निघून जातात. इतरांच्या मते जो करिअरच्या सुरुवातीचा काळ, तो या लोकांच्या आयुष्यात चाळिशीपर्यंत लांबतो. लग्न, घर, आजारी आईवडील, मुलांच्या शाळेची फी, हे काहीही त्यासाठी थांबत नाही.

आयोगाचे २०१८ चे नियम सांगतात की कंत्राटी शिक्षकांचं प्रमाण एकूण पदांच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये आणि त्यांना मिळणारी रक्कम नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसावी. अतिथी व्याख्यात्यांसाठी आयोगाने २०१९ मध्ये तासाला १,५०० रुपये, महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर ठरवला. महाराष्ट्रातले तासिका दर त्याहून कमी राहिले आहेत. विभागात मान्य पद रिकामं, नेट-सेट झालेला उमेदवार त्याच विभागात रोज शिकवतोय आणि तरी त्या पदावर त्याची नेमणूक होत नाही, असं चित्र वर्षानुवर्षं चालतं. अशा शिक्षकाला नव्या अध्यापन पद्धतीचं व्याख्यान देण्याआधी त्याला महिन्याच्या महिन्याला, जगता येईल इतके पैसे मिळायला हवेत. हे मी इथे मुद्दाम लिहितो, कारण विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिलं तरी यात तोटाच आहे. तास संपताच पुढची एसटी गाठायची असलेल्या शिक्षकाला शंका विचारायला मुलं थांबवणार कशी?

प्रशिक्षणाची सोय आहे, हेही सांगायला हवं. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांत अकॅडमिक स्टाफ कॉलेजं सुरू झाली, पुढे त्यांची मनुष्यबळ विकास केंद्रं झाली, आणि २०२३ पासून ती मालवीय मिशनच्या नावाने चालतात. २०१९ मध्ये आयोगाने ‘गुरुदक्षता’ हा नव्या अध्यापकांसाठीचा महिनाभराचा कार्यक्रम आखला. त्यातलं बरंचसं चांगलं आहे: पाठाची आखणी, मूल्यमापन, सहकाऱ्यांसमोर शिकवून पाहणं. अडचण वेळेची आहे. रुजू झाल्या झाल्या सोडायला महाविद्यालय तयार नसतं, कारण तास कोण घेणार? मग प्लेसमेंटची तारीख जवळ आली की तिसऱ्या-चौथ्या वर्षी धावपळीत, अनेकदा ऑनलाइन, तो उरकला जातो. तोवर बऱ्यावाईट सवयी घट्ट झालेल्या असतात. सीएचबीवरच्या माणसाला तर महिनाभर जायचं म्हणजे महिन्याचं मानधन बुडवायचं.

म्हणून मला मोठ्या योजनेपेक्षा विभागाच्या पातळीवरच्या बदलांतून जास्त आशा वाटते. पहिल्या वर्षी नव्या माणसाला दोनपेक्षा जास्त नवे पेपर देऊ नयेत. एकच पेपर दोन तुकड्यांना मिळाला, तर पहिल्या तुकडीत फसलेला भाग दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तुकडीत सुधारून घेता येतो. एवढ्या एका गोष्टीने शिकवणं जितकं सुधारतं, तितकं कुठल्याही कार्यशाळेने सुधारत नाही. समिती एकच द्यावी. आणि एका ज्येष्ठाने महिन्यातून एकदा वर्गात मागे बसावं, आणि नव्यानेही ज्येष्ठाच्या वर्गात जाऊन बसावं. पण नोंद ठेवायची नाही, गोपनीय अहवालात तिचा उल्लेख नको. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये चहा घेताना तीन गोष्टी बोलायच्या: मुलं कुठे हरवली, फळा मागून दिसतो का, प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबलात. उत्तराची वाट पाहताना नवा शिक्षक बहुधा सेकंदभरही थांबत नाही. संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या शाळांच्या वर्गांत हे मोजलं होतं. शिक्षक तीन सेकंद थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. हे तीन सेकंद आतून मोजता येत नाहीत. मागच्या बाकावर कुणीतरी बसलेलं असावं लागतं.

यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या वर्षाचा वर्कलोड ठरतो तेव्हा कोणता पेपर कुणाला, हे विभागप्रमुख आणि दोन-तीन ज्येष्ठ मिळून एका कागदावर मांडतात. नवा माणूस त्या बैठकीला नसतो, बऱ्याचदा तेव्हा त्याची ऑर्डरही निघालेली नसते. त्याच्या नावाची जागा रिकामी असते आणि उरलेले पेपर तिथे लिहिले जातात. ती रिकामी जागा आधी भरावी, आणि मग बाकीच्यांचे पेपर वाटावेत.